हाताला काम आणि कामाला सोबत

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले, की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. आपणांपैकी पुष्कळांनी ती एसटीच्या खिडकीतून पाहिली असेल; काहींची मुले, पुतणे, भाचे तेथे कामालाही असतील. कुठे रसायने तयार होतात, कुठे यंत्रांचे सुटे भाग, कुठे कापडाचे काम चालते. सकाळी पाळी भरायच्या वेळी फाटकाफाटकांपुढे माणसांची रीघ लागते आणि हातात डबा घेतलेली ती माणसे एकामागून एक आत जातात. मला आज बोलायचे आहे ते त्या फाटकाबाहेर राहणाऱ्या माणसाविषयी.

माझे एक शेजारी याच वसाहतीत वीस वर्षे कामाला आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते घरी आले. सोबत त्यांचा थोरला मुलगा होता, चोवीस वर्षांचा. आम्ही बोलत होतो तोवर तो उंबऱ्यापाशी बसून चपलांचे जोड एका रेषेत लावीत होता. अण्णा म्हणाले, "सर, ह्याची शाळा अठराव्या वर्षी सुटली. तवापासनं घरीच हाय. मी हाय तवर भाकरीला कमी नाही. माझ्या माघारी ह्याचं काय व्हायचं, तेवढं सांगा की."

मी इतिहासाचा मास्तर. मला वैद्यक कळत नाही, कारखानदारीही कळत नाही. पण प्रश्न असा होता, की 'बघू या' म्हणून त्यांना वाटेला लावणे जिवावर आले. तेव्हा मी माझ्या परीने शोध घेतला. अशी माणसे आजवर कामाला लागली ती कशी, आणि जी लागली नाहीत ती का? त्या शोधात जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या मुलाच्या स्थितीविषयी. तिला मराठीत स्वमग्नता म्हणतात. इंग्रजीतला ऑटिझम हा शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. हा काही लागण होणारा रोग नव्हे. माणूस जन्मतःच त्या घडणीचा असतो. असे पुष्कळ जण नजरेला नजर देत नाहीत. काही जण एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात, काही जण बोलतच नाहीत. रोजच्या क्रमात अचानक बदल झाला, की जीव कासावीस होतो. मोठा आवाज, झगझगीत दिवा, अंगाला घासणारे कापड यांचा त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक त्रास होतो. आडवळणाचे बोलणे त्यांना उमगत नाही. 'जरा तिकडे बघ' म्हटले, तर तो नुसता तिकडे बघत राहील. काहींची बुद्धी तल्लख असते, काहींना रोजच्या कामांतही हात द्यावा लागतो. दोन स्वमग्न माणसे एकासारखी एक सापडणे कठीण.

असे किती असतील? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे, की जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न आहे. या हिशेबाने अडीच हजार वस्तीच्या गावात अशी वीसएक माणसे निघावीत. आपण म्हणाल, आमच्या गावात तर एकही नाही. आहेत, पण कोणाला आपण 'घुमा' म्हणतो, कोणाला 'विक्षिप्त', कोणाला 'वेडा'. आपल्या २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे निरनिराळे रकाने होते, त्यांत स्वमग्नतेचा रकाना नव्हता. ज्याची मोजदाद नाही, त्याच्यासाठी कामाची जागा कोण राखून ठेवणार?

आता इतिहासाकडे वळू. कारखाने नव्हते तेव्हा ही माणसे काय करीत? कागदोपत्री त्यांची नोंद नाही, पण जुन्या कामाची पद्धत पाहिली की तर्क करता येतो. सोलापुरात तेलंगणातून पद्मशाली विणकर येऊन स्थिरावले. त्यांच्या घरात माग असे आणि मागाभोवती सारे घर असे. कोणी कांड्या भरी, कोणी ताणा लावी, कोणी सूत उकली. शेतातही तसेच : कोणी राखणीला, कोणी गुरांमागे, कोणी शेंगा फोडायला. काम लहान लहान तुकड्यांत वाटलेले, रोज तेच, आणि शेजारी घरचे माणूस. अशा घरात न बोलणाऱ्या मुलालाही एखादा कोपरा मिळून जात असावा.

पण जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. याच घरांतून अशा मुलांना देवऋष्याकडे नेत, खांबाला बांधून ठेवीत, पाहुणे आले की आतल्या खोलीत कोंडीत. कोपरा मिळे तो घरच्यांची मर्जी असेल तोवर. हक्क म्हणून नव्हे.

पुढे १८७० च्या दशकात सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि मागाहून एकेक वाढत गेली. गाव भोंग्यावर उठू लागले. गिरणीला वेळ पाळणारा, हुकूम ऐकणारा, गर्दीत आणि खडखडाटात टिकणारा माणूस हवा. घरच्या मागावर जो खपून जात होता, तो गिरणीच्या फाटकावर अडला.

तरी गिरणीची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या पोराला कोणी पुस्तक देऊन शिकवीत नसे. तो काकाच्या नाहीतर मामाच्या मागाशेजारी उभा राही. आधी तुटलेला धागा जोडायला शिके, मग कांडी बदलायला, मग माग चालवायला. जॉबरची त्याच्यावर नजर असे. मग तो बदली कामगार होई आणि नशिबात असेल तर कायम होई. म्हणजे आधी जागेवर उभे करणे, मग तिथेच शिकवणे, आणि शिकेपर्यंत शेजारी एक जाणते माणूस असणे. ही रीत आपण नीट ध्यानात ठेवू. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. नव्या वसाहतींत नवे कारखाने आले आणि फाटकावर नवे प्रश्न आले : आयटीआयचा दाखला आहे का? मुलाखतीला कधी येतोस? आता पाहा, मुलाखत म्हणजे काय? अनोळखी माणसांच्या नजरेला नजर देऊन, ऐन वेळच्या प्रश्नांना चटपटीत उत्तरे देणे. स्वमग्न मुलगा ज्या एका गोष्टीत कच्चा, तिचीच परीक्षा आम्ही त्याला फाटकावर देतो. आणि ज्यात तो पक्का असू शकतो ते काम दाखवायची पाळीच येत नाही.

ही स्थिती वैद्यकाच्या ध्यानात केव्हा आली, तेही सांगतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा, जन्म १९३३ चा. तो माणसांकडे लक्ष देत नसे, वस्तू गरगर फिरवीत बसे आणि त्याला मोजण्याचे वेड होते. १९४२ साली घरच्यांनी त्याला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले.

श्रोतेहो, त्या जोडप्याने काय केले, ते आपल्या शेतकरी बांधवांनी मुद्दाम ऐकावे. मुलाला मोजायचा नाद होता, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि 'किती खोल गेली ते मोजून सांग' म्हटले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला : ओळी मोजायच्या, पण नांगरता नांगरता. १९४५ साली डॉक्टर कॅनर तेथे गेले, तेव्हा त्या मुलाने त्यांच्यादेखत सहा लांब तासे नांगरून दाखवली आणि घोडाही नीट वळवला. त्या जोडप्याने मुलाचा नाद मोडला नाही; त्याला कामाची वाट करून दिली.

डोनाल्ड पुढे कॉलेजात गेला, १९५८ साली पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत त्याने कित्येक वर्षे नोकरी केली. मोटार चालवली, देशोदेशी प्रवास केला. २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याचे घर सुखवस्तू होते आणि बँक आजोळची होती, हे विसरून चालणार नाही. त्या अकरांतल्या सगळ्यांचे असे झाले नाही. अठ्ठावीस वर्षांनी, १९७१ साली कॅनर यांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेतला. आणखी एक जण कचेरीत प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करीत होता. पण ज्यांना मोठाल्या सरकारी आश्रयगृहांत ठेवले होते, ती मुले कोमेजून गेली होती. असे ठेवणे म्हणजे जन्मठेपच, असा कॅनर यांचा निष्कर्ष होता. मूळ दोष एकाच जातीचा. फरक पडला तो पुष्कळसा जागेने आणि शेजारच्या माणसाने.

त्या काळात पाश्चात्त्य विद्वानांनी आयांवर मोठा अन्याय केला. आईच्या कोरडेपणाने मूल असे होते, असे ते सांगत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. आपल्या खेड्यापाड्यांत आजही सून दोषी ठरते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मुंबईत वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली शाळा काढली. तीच आजची जय वकील संस्था. आनंदवनात बाबा आमटे यांनी १९४९ पासून कुष्ठरुग्णांच्या हाती नांगर आणि हातोडा दिला आणि साऱ्या देशाला दाखवले, की माणूस कामाने पुन्हा उभा राहतो. पुण्यात १९६४ साली कामायनी ही मतिमंद मुलांची संस्था निघाली. शाळा संपल्यावर काय, हा प्रश्न अशा संस्थांपुढे लवकरच उभा राहिला आणि त्यातून कार्यशाळा निघाल्या. मेणबत्त्या, पाकिटे, पणत्या करता करता कितीतरी हात कामाला लागले. अपंगांसाठी देशातले पहिले खास सेवायोजन कार्यालयही मुंबईतच १९५९ साली उघडले. हा आपल्या राज्याचा अभिमानाचा वारसा आहे.

मात्र त्यात एक मोठी फट राहिली. अंध, मूकबधिर, हातापायाने अधू अशांसाठी नोकरीची वाट हळूहळू उघडली. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकरीत तीन टक्के जागा राखल्या, त्याही याच तिघांसाठी. त्या कायद्याच्या यादीत स्वमग्नता हा शब्दच नव्हता. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात तो आला. पण त्या कायद्याचा भर पालकत्वावर आणि सांभाळावर होता. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, तेव्हा कोठे नोकरीच्या यादीत स्वमग्न माणसाचे नाव लागले. आता राखीव जागा चार टक्के आहेत. त्यांतला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार वगैरे गटांसाठी आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला त्यासाठी लागतो. खासगी कारखानदारांनी पाच टक्के कामगार दिव्यांग ठेवावेत, म्हणून सरकारने त्यांना उत्तेजन द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. कामाच्या जागी वाजवी ती सोय करून देण्याचे तत्त्वही त्यात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही काढला.

कायदा आला, हे मोठेच झाले. पण कायदा फाटक उघडतो; आत गेल्यावर शेजारी कोण उभे राहणार, हे तो सांगू शकत नाही. याच कायद्याने दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण दिले आहे. एकोणिसाव्या वर्षी काय, येथे अण्णांचा प्रश्न पुन्हा उभाच राहतो.

याचे उत्तर परदेशात ज्यांनी शोधले, त्यांनी काय केले? पूर्वी तिकडेही आधी वर्षानुवर्षे कार्यशाळेत शिकवीत आणि 'तयार झाला की नोकरी' म्हणत. पुष्कळांची तयारी जन्मभर पुरी होत नसे. मग १९८० च्या सुमारास उलटी रीत आली : आधी खऱ्या कामाच्या जागी उभे करायचे, मग तिथेच शिकवायचे, आणि सोबत एक शिक्षक द्यायचा, तो हळूहळू बाजूला होईल असा. १९९६ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथील एका मुलांच्या रुग्णालयात या रीतीने दिव्यांग तरुणांना कामे देण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे व्हर्जिनिया राज्यात स्वमग्न तरुणांसाठी त्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या २४ जणांना रुग्णालयात प्रत्यक्ष कामावर शिकवले, त्यांतले २१ जण नोकरीला लागले. ज्या १६ जणांना नेहमीचेच शिक्षण मिळाले, त्यांतला एकच लागला. प्रयोग लहान आहे. पण आकडे बोलके आहेत.

ही नवी रीत वाचताना मला हसू आले. काकाच्या मागाशेजारी पुतण्या उभा राही, तीच ही रीत! आमच्या गिरणीने ती जाणली होती. फक्त ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तेवढी ती दिली नाही.

आपल्याकडेही तिचा उपयोग होऊ लागला आहे. मुंबईत जुहूला २०१८ साली यश चॅरिटेबल ट्रस्टने 'अर्पण' नावाचे उपाहारगृह सुरू केले. त्यामागे सुषमा नगरकर यांचा पुढाकार. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई. स्वयंपाक आणि वाढप यांची कामे लहान लहान तुकड्यांत पाडून ती स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग असलेल्या प्रौढांना दिली गेली, आणि कामाचा पगार दिला गेला. गिऱ्हाईक तेथे येई ते खायला.

आता अण्णांच्या मुलाचे सांगतो. टॉवेलच्या एका कारखान्यात त्याला घडी घालायला घेतले. मोजणीत कधी चूक नाही. मालक खूश. नवव्या दिवशी आगाऊ न सांगता त्याची पाळी बदलली आणि त्याला यंत्रमागाच्या बाजूला बसवले. तो कानांवर हात दाबून खाली बसला, उठेना. दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'नका पाठवू.' कोणी दुष्ट नव्हते. कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच.

वर्षभराने दुसऱ्या एका ठिकाणी जागा मिळाली. तेथे पॅकिंगला एक वयस्क मावशी आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर खडूने बारा चौकोन आखले. एका चौकोनात एक टॉवेल. चौकोन भरले, की डझन झाला, बांधायचे. पुठ्ठ्यावर पाच चित्रे काढून भिंतीला लावली : हजेरी, काम, डबा, काम, घर. पाळीत बदल असला तर आदल्या दिवशी त्या चित्र बदलतात आणि त्याला दाखवतात. मी त्यांना विचारले, "हे कुठं शिकलात?" त्या म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात? माझी नातवंडं अशीच शिकली की." जगातले तज्ज्ञ चित्रांचे वेळापत्रक म्हणून जे सांगतात, ते मावशींनी पुठ्ठ्यावर करून ठेवले होते.

त्याला आता दोन वर्षे झाली. अर्धी पाळी करतो. पगार थोडा आहे, पण पगाराच्या दिवशी तो वडिलांच्या हातात नोटा मोजून देतो, आणि अण्णा त्या पुन्हा मोजत नाहीत.

गोष्ट येथे संपवता आली असती तर बरे झाले असते. पण मध्यंतरी मावशी तीन आठवडे आजारी पडल्या. मुलगा दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी घरी बसला. चौकोन पुसले गेले होते आणि पुन्हा आखायचे कोणाला सुचले नाही. मावशी आता पुढच्या वर्षी काम सोडणार आहेत. म्हणजे एका भल्या माणसाच्या दमावर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर बसते. घरच्या मागावरचा कोपरा असाच मर्जीवर होता, हे आपण पाहिलेच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मावशींचे जे काम आहे, ते काम म्हणून मानले जावे. चिंचोळीसारख्या वसाहतीत दहा कारखान्यांनी मिळून एक जाणता सोबती नेमला, तरी प्रत्येकावर भार फार पडणार नाही. गिरणीत जॉबर होताच ना? त्याला पगार होता, अधिकार होता. तसाच हा. आरडाओरड्यापासून दूरची जागा, ठरलेली वेळ, चित्रांचा पुठ्ठा आणि मुलाखतीऐवजी आठ दिवस प्रत्यक्ष काम करून पाहणे, यांना पैसा फारसा लागत नाही.

गुरुजनहो, आपणांसही एक विनंती. असा मुलगा आपल्या वर्गात असेल, तर चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून त्याच्या हाताचा कल पाहून ठेवा. त्याला मोजायला आवडते की लावायला, मातीत हात घालायला की कागदात? आवाज किती सोसतो? कोणत्या गोष्टीने बिथरतो? हे एका वहीत लिहून ती पालकांच्या हाती द्या. पुढे ज्याच्या शेजारी तो उभा राहील, त्याला ती वही दाखल्याहून अधिक उपयोगी पडेल. पालकांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र वेळेवर काढून घ्यावे. लाज म्हणून लपवू नये, कारण त्यावाचून कायद्याचे दार उघडत नाही.

परवा अण्णा भेटले. म्हणाले, "सर, मावशींच्या जागी येणार हाय ती पोरगी आतापासनंच त्याच्या शेजारी बसती. मालकांनीच बसवलंय. चौकोन आखायला शिकली म्हणं." मी विचारले, "मग काळजी मिटली का?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मिटली न्हाई. पण आता एकट्याची ऱ्हायली न्हाई."